मागे समुद्र येऊ दे

गोराईला जायच्या दोन वाटा आहेत, आणि कुठल्या वाटेने गेलात यावर तुमच्याकडे कसले फोटो जमणार हे ठरतं. पहिली वाट पाण्याची. बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला बस धरायची, खाडीच्या धक्क्यावर उतरायचं, बोटीत बसायचं, आणि खिशातले सुटे पैसे शोधून होईतो पलीकडे. दुसरी वाट डांबराची. ती आधी उत्तरेला पळते, दहिसर मागे टाकते, भाईंदरला पश्चिमेकडे वळते आणि मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन अशी गावं घेत पुन्हा दक्षिणेला येते. म्हणजे मुंबईतून निघायचं, ठाणे जिल्ह्यात शिरायचं आणि मुंबईतच परत यायचं. एवढा द्राविडी प्राणायाम करून गोराईला पोचलं की खाडीपलीकडे बोरिवलीचे टॉवर उभे असतात, जिथून आपण निघालो होतो. मालाडकरांना मार्वे-मनोरीची तिसरी वाट आहे, पण तीही पाण्याचीच. म्हणून तिला मी पहिलीतच धरतो.

रविवारी अंधेरी-मुलुंडहून येणाऱ्या गाड्या अर्थातच दुसऱ्या वाटेने येतात. त्यांच्यासाठी गोराई ही सहल आहे, रोड ट्रिप आहे, आणि रोड ट्रिप म्हटली की फोटो आले. मी बोरिवलीत राहतो. माझ्यासाठी गोराई म्हणजे सकाळी पाय मोकळे करायची जागा. पण भाच्याने नवी गाडी घेतली तेव्हा त्याच्याबरोबर मीही भाईंदरवरून फिरून गेलो. भाईंदरची मिठागरं लागली. कडेला मिठाच्या राशी, त्यांच्यावर तिरकं ऊन. मी म्हटलं, थांबव. तो म्हणाला, "मामा, इथे नाही थांबवता येत, मागे टेम्पो आहे." पुढे एका वळणावर जुना क्रूस दिसला, ताज्या झेंडूचा हार घातलेला. तिथेही रस्ता अरुंद. शेवटी गाडी थांबली ती उसाच्या रसाच्या गाडीपाशी, कारण तिथे जागा होती. त्या दिवसाचा पहिला फोटो रसाच्या चरकाचा आहे.

तेव्हापासून मला एक शंका आहे, आणि ती आता पक्की होत चालली आहे. रोड ट्रिपचे फोटो हे सुंदर जागांचे नसतातच मुळी. गाडी जिथे उभी करता आली त्या जागांचे ते फोटो असतात. आपल्या घाटांतले धबधबे आठवून पाहा. ज्याच्या समोर चार गाड्या मावतात तो प्रसिद्ध, आणि त्याच्याहून देखणा, पण वळणावर कोसळणारा, तो कुणाच्याच अल्बममध्ये नाही. थंड हवेच्या ठिकाणांनी तर हा प्रश्न गाड्या येण्याआधीच सोडवून ठेवला. माथेरान काय, महाबळेश्वर काय, तिथले पॉइंट म्हणजे कुठे उभं राहायचं आणि कुठे बघायचं हे कुणीतरी आपल्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं. लोक तिथे जातात, रेलिंगला टेकतात, मागे दरी घेतात. गोराईत असा एकही पॉइंट नाही. याबद्दल गोराईकरांचे आभारच मानायला हवेत.

गाडीतून फोटो काढण्याची अडचण ज्याने उलटी करून वापरली तो रघुबीर सिंग. मूळचा जयपूरचा, रंगीत छायाचित्रणातला मोठा माणूस. अ‍ॅम्बेसेडर गाडीतून देशभर फिरून काढलेल्या त्याच्या छायाचित्रांचं पुस्तक २००२ साली आलं, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. त्यात गाडी लपवलेली नाही. दाराची चौकट, काच, बाजूचा आरसा, सगळं चित्रात आहे. बाहेरचा देश त्या चौकटीत अडकतो, तुटतो, आरशात पुन्हा दिसतो. मी गाडीतून बघतोय, हे तो कबूल करतो. आपण मात्र काच खाली करतो, हात बाहेर काढतो आणि जणू पायी चालत आलो असा फोटो घेतो. माझ्या मते रोड ट्रिपचा खरा फोटो डॅशबोर्डवरच्या गणपतीसकटच काढायला हवा.

बोटीची वाट अशी सोय देत नाही. बोट कुठे थांबवायची हे आपल्या हातात नाही, आणि पाण्यावर थांबायला काही नाहीच. बोटीत असतात ती माणसं आणि त्यांचं सामान. सकाळी गोराईकडून येणाऱ्या बोटीत भाजीच्या जुड्या, मासळीच्या टोपल्या, कॉलेजच्या मुली, इस्त्रीचे कपडे घातलेले कारकून आणि दोन-चार स्कूटर. संध्याकाळी उलटी वाहतूक: गॅसची शेगडी, गोधडीत गुंडाळलेलं बाळ, बर्फाची लादी, एकदा तर बोटीच्या मधोमध उभं केलेलं आरशाचं कपाट. त्या आरशात खाडी दिसत होती आणि सगळे प्रवासी आळीपाळीने केस सारखे करत होते. या बोटीचे मी काढलेले फोटो कुणाला दाखवले की लोक विचारतात, "पण यात गोराई कुठे आहे?" त्यांना किनारा हवा असतो. मला वाटतं, गाव किनाऱ्यापेक्षा त्या सामानात जास्त आहे. ज्या गावाला जायला पूल नाही त्या गावात प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हातातून, खांद्यावरून, मांडीवरून आलेली असते.

पुलाची चर्चा अधूनमधून होते. पूल झाला तर गावातल्या आजारी माणसाचे हाल वाचतील, मुलांची परीक्षेच्या दिवसाची धाकधूक जाईल, आणि ते व्हायलाच हवं. फोटोसाठी बोट टिकावी असं म्हणणं हे पलीकडे राहणाऱ्याचे चोचले आहेत. मी फक्त एवढंच म्हणतो की तोवर बोटीचे फोटो काढून ठेवावेत, कारण पूल झाल्यावर पुलाचे फोटो काढायला भरपूर लोक येतील.

फोटो काढणारे उजेडाचं वेळापत्रक पाळतात. सूर्योदयानंतरचा तास, सूर्यास्ताआधीचा तास. गोराईत हे अर्धंच खरं आहे. इथे दुसरं एक वेळापत्रक चालतं, ते चंद्राचं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय काही हाती लागत नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमाराला भरती दुपारी आणि मध्यरात्री असते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. म्हणजे पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हा पाणी पार आत गेलेलं, आणि उधाणाची ओहोटी म्हणून ते खूपच आत. ओल्या वाळूचा मैदानाएवढा पट्टा उघडा पडतो आणि आकाश त्यात उतरतं. त्याच वेळी पाठीमागे, खाडीपलीकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर चंद्र वर येत असतो. सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे. मागे वळून बघणारा एखादाच.

अष्टमीला गणित उलटं होतं. संध्याकाळी पाणी वर असतं, पण भांगाची भरती, तिच्यात जोर नाही. वाळू अरुंद, पाणी मातकट, चित्र चपटं. पावसाळ्यात जेव्हा साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस वर्तमानपत्रात छापून येतात, तेव्हा शहरातल्यांना ते तुंबणाऱ्या पाण्याचे इशारे वाटतात. कोळ्यांना वर्तमानपत्र लागत नाही, तिथी पुरते. मी बोटीवरच्या एका माणसाला विचारलं होतं की शनिवारी संध्याकाळी पाणी कुठे असेल. त्याने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि सांगितलं. फोनमध्ये पाहिलं तर दहा मिनिटांचा फरक. कुणाचं बरोबर ते शनिवारी बघायला मी गेलो नाही. तेव्हापासून फोटोला निघायच्या आधी मी कालनिर्णय बघतो, एवढं मात्र झालं.

गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात पाऊस संपला की वलांडी उभ्या राहतात, म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव. बोंबील दोन-दोन करून, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, दोरीवर टाकतात. गाठ नाही, खिळा नाही, माशाने मासा धरलेला. ताजा बोंबील जवळजवळ पाणीच असतो. उन्हात दिवसागणिक तो बारीक होत जातो, रंग बदलतो, आणि वाऱ्याने हलला की कडकड वाजायला लागतो. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा त्याच वलांडी रिकाम्या, भिजून काळ्या पडलेल्या असतात. हौशी छायाचित्रकार या मांडवांवर तुटून पडतात, आणि ते समजण्यासारखं आहे. उभ्या-आडव्या रेषा, मधून ऊन, मागे निळं पाणी. स्पर्धेत बक्षीस मिळवणारं चित्र असतं ते. पण त्या चित्रांत सहसा नसतं ते हे, की ढग आले की हे सगळे बोंबील धावत काढायचे असतात. अवेळी पावसाची एक सर आली की माल गेला.

मी एकदा वलांडीखाली कॅमेरा घेऊन उभा होतो तर माल उलटापालटा करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "फोटोचं काय करता?" मी म्हटलं, "काही नाही मावशी, ठेवतो." त्या म्हणाल्या, "बोंबील ठेवला तर चार पैसे तरी येतात." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता: "काढायचा तर काढा, पण माझा नको. कामाच्या लुगड्यात आहे मी." हा नकार मला पटतो. आपण घरी पाहुणे यायच्या आधी साडी बदलतो, केस विंचरतो, आणि समोरच्याने मात्र घामाघूम, काम करताना, नैसर्गिक दिसावं अशी अपेक्षा धरतो. नैसर्गिक कुणासाठी? छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रं काढली त्यांत घाण आहे, अंगावर येणारी आहे. पण ती एका फेरीत, एका सकाळी काढलेली नाहीत. वर्षानुवर्षं त्या माणसांत जाऊन काढलेली आहेत. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. रस्त्यावरून जाता जाता टिपलेल्या श्रमाच्या चित्रात आणि त्यांच्या चित्रांत मला जो फरक दिसतो तो लेन्सचा नाही.

कोण कुणाचा फोटो कसा काढतो, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. इथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे या शहरात स्वतःचा स्टुडिओ चालवू लागले. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे साहेबाच्या हातात राहिला आणि आपण फक्त समोर उभे होतो, असं नाही. पण त्या सोसायटीतल्या विल्यम जॉन्सन यांचं एक काम मला राहून राहून आठवतं. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींची छायाचित्रं त्यांनी दोन खंडांत लंडनहून छापली, १८६३ आणि १८६६ मध्ये. माणसांचे फोटो स्टुडिओत घेतलेले, आणि त्यांच्या मागे दुसऱ्याच फोटोतलं देऊळ, झाडं, रस्ता जोडलेला. पायाखालची जमीन आणि पाय यांचं कुठेतरी बिनसलेलं असतं. सावल्या एकमेकींशी बोलत नाहीत. माणूस खरा, जागा खरी, आणि दोघांची कधी भेटच झालेली नाही.

त्यानंतर आपण पडदे रंगवले. स्टुडिओत जिना, कमान, बाग. जत्रेतल्या फोटोच्या तंबूत ताजमहाल, नाहीतर लाकडी मोटारसायकल. सातारच्या माणसाने आग्र्याला न जाता ताजमहालासमोर उभं राहायचं. यात मला फसवणूक वाटत नाही, हौस वाटते. आताच्या फोनने मात्र वेगळीच युक्ती काढली आहे. तो मागची जागा पुसूनच टाकतो. चेहरा लख्ख, कानाच्या पाळीपासून पुढे सगळं धुकं. किनाऱ्यावर जोडपी येतात, "मागे समुद्र येऊ दे हं" म्हणून बजावतात, आणि मग पोर्ट्रेटच्या खटक्यावर बोट ठेवतात. समुद्र येतो तो निळसर डागासारखा. तो गोराईचा आहे की गुहागरचा, की नुसती रंगवलेली भिंत, कळायला मार्ग नाही.

माझं या बाबतीत उलटं आहे. मला वाटतं रोजच्या चालीत काढलेल्या फोटोंचा जीव मागच्या जागेतच असतो. पुढचा माणूस आपल्याला माहीतच असतो. पण तो जिथे उभा आहे ती जागा कायम आहे असं आपण गृहीत धरतो, आणि तीच आधी जाते. कित्येक मुंबईकरांकडे गोराईच्या एस्सेल वर्ल्ड उद्यानातल्या शाळेच्या सहलीचा फोटो असेल: ओळीत उभी पोरं, कपाळावर आठ्या, ऊन डोळ्यांत. १९८९ साली सुरू झालेले ते पाळणे करोनाच्या काळात थांबले. आता त्या फोटोत पोरांपेक्षा मागचा पाळणाच जास्त बघितला जातो. त्या सहलींच्या जुन्या फोटोंत क्षितिजावर सोनेरी घुमट नसतो. विपश्यना पॅगोडा २००९ साली खुला झाला आणि तेव्हापासून तो खाडीच्या प्रत्येक चौकटीत डोकावतो. आत एकही खांब नसलेला तो प्रचंड घुमट, आठ हजार माणसं बसतील एवढा. त्याच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्याचा उपयोग तारखेसारखा होतो: घुमट नाही म्हणजे फोटो जुना.

अशा आणखी काही खुणा मी धरून ठेवल्या आहेत. धक्क्याच्या पायऱ्या, त्यांच्यावर पाण्याने ठेवलेली काळी रेघ. पलीकडे गावात शिरताना लागणारं कौलारू घर, ज्याची एक बाजू दरवर्षी थोडी थोडी सिमेंटची होते. तिवरांच्या कडेला उलटी टाकलेली होडी. या सगळ्यांचे मी त्याच जागी उभं राहून पुन्हा पुन्हा फोटो काढतो. पहिल्यांदा काढला तो फोटो बहुतेक माझ्या नजरेचा होता: कसा कोन साधलाय, कसं ऊन पकडलंय. पुढचे मात्र त्या जागेचे होत गेले. उलट्या होडीखाली आधी कुत्रा झोपायचा, मग तिच्यावर जाळी वाळायला लागली, मग बुडाला भोक पडलं, आणि एका पावसाळ्यानंतर ती तिथे नव्हती. होडीचा शेवटचा फोटो कुठला होता हे काढताना मला ठाऊक नव्हतं. रोड ट्रिपवाल्याला हे सुख मिळत नाही. त्याला एकदाच काय ते काढायचं असतं, म्हणून तो देखणं काढतो. मला परत यायचं असतं, म्हणून माझं कंटाळवाणं चालून जातं. माझ्या भाच्याने हा सगळा संग्रह पाहून "सगळे सारखेच तर आहेत" असा शेरा मारला. मी त्याला दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. तो म्हणाला, "हां, इथे एक वायर वाढलीय." एवढं त्याला दिसलं यावर मी समाधान मानलं.

धक्क्यावर सकाळी एक म्हातारे गृहस्थ बसायचे. पूर्वी मासेमारी केलेली, आता गुडघ्यांनी दगा दिलेला. माझा कॅमेरा बघून बघून त्यांची खात्री पटली असावी की हा माणूस निरुपद्रवी आहे. एके दिवशी म्हणाले, "माझा एक फोटो काढून दे. चांगला. घरात लावायचा." मग जरा थांबून, अगदी व्यवहारी आवाजात, "नंतर पोरांची शोधाशोध नको." त्यांच्या आधार कार्डावरचा फोटो त्यांना पसंत नव्हता. तो माणूस चोर वाटतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून आले, दाढी केलेली. मी सगळी अक्कल पणाला लावली. ओहोटीची वेळ बघितली, ऊन डावीकडून घेतलं, मागे खाडी, नांगरलेल्या दोन होड्या, तिवरांची हिरवी पट्टी, आणि कोपऱ्यात घुमट, म्हणजे पुढे कुणाला काळ कळावा. बोरिवलीतून मोठी प्रिंट काढून त्यांना नेऊन दिली. त्यांनी हात पुसून घेतली, लांब धरून पाहिली, "बरा आलोय" म्हणाले.

काही आठवड्यांनी त्यांनी घरी बोलावलं. भिंतीवर, येशूच्या तसबिरीच्या शेजारी, फ्रेम लागली होती. त्यांच्या नातवाने ती प्रिंट एका स्टुडिओत नेली होती. खाडी नव्हती, होड्या नव्हत्या, तिवरं नव्हती, घुमट नव्हता. मागे फिकट निळा रंग होता, आणि पांढऱ्या शर्टावर कोट आणि टाय चढला होता. मला काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, "मागे फार पसारा होता रे. खाडी काय, रोज बघतोच की आम्ही. कोट कुठे घालतो?"

मी कोट छान दिसतोय म्हटलं, आणि तो खरंच छान दिसत होता. चहा आला. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनाही असा एक हवा होता, पण मागे निळा नको, गुलाबी, आणि गळ्यात आहे तीच सोन्याची पोत दिसायला हवी, दुसरी चिकटवायची नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर काढायचं ठरलं.